पावसाचा पडदा आणि निविदेतील एक ओळ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी नोकरीतून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो तरी बांधकामाच्या कागदांनी माझी पाठ सोडलेली नाही. ओळखीचे वास्तुविशारद आणि तरुण अभियंते अंदाजपत्रके व निविदांचे मसुदे नजरेखालून घालण्यासाठी आणून देतात. अलीकडे त्यांतील संकल्पचित्रांत एक गोष्ट वारंवार दिसू लागली आहे, ती म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागावर टांगलेले टेराकोटाचे, अर्थात भाजलेल्या मातीचे, पॅनेल. रेनस्क्रीन क्लॅडिंग या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ती चित्रात देखणी दिसते, प्रत्यक्षातही दिसते आणि माझा तिला विरोध नाही. माझी तक्रार निविदेत तिच्याविषयी जेवढे लिहिले जाते त्याबद्दल आहे, कारण बहुतेक ठिकाणी ते एका ओळीपलीकडे जात नाही.

त्या एका ओळीचे काय होते हे दोन वर्षांपूर्वी मी जवळून पाहिले. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी बांधलेल्या तीन मजली कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तिसऱ्याच पावसाळ्यात ओल आली होती. पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागला होता, पोपडे निघत होते आणि कपाटांच्या मागच्या बाजूची दप्तरे लाल फडक्यासकट भिजली होती. बाहेरून मात्र इमारत नवी कोरी दिसत होती. परांची बांधून जवळून पाहिले तेव्हा लक्षात आले की पॅनेलांमधील प्रत्येक उभी-आडवी फट कोणीतरी सिलिकॉनने काळजीपूर्वक बुजवली होती. चौकशी केली असता असे कळले की पहिल्या पावसाळ्यात पॅनेलांच्या मागे पाणी जाताना दिसले, म्हणून साहेबांनी सांधे बंद करण्याचा तोंडी आदेश दिला होता. तळाशी जोत्यावर जी मोकळी फट हवी तीही उंदीर शिरू नयेत म्हणून सिमेंटच्या मसाल्याने बंद केलेली होती. खालच्या ओळीतील दोन पॅनेल उतरवल्यावर मागच्या पोकळीत वीतभर उंचीपर्यंत हिरवट पाणी साचलेले आढळले. त्यामागे जी भिंत दिसली तिला गिलावाच नव्हता. पहिल्या मजल्याच्या खिडकीपासून वर ब्लॉकांचे उघडे सांधे दिसत होते, कारण "आता हे झाकलेच जाणार आहे" असा हिशेब गिलाव्याच्या वेळी झाला होता. फाईल मागवली. निविदेत या साऱ्या कामासाठी एकच बाब होती : दर्शनी भागास टेराकोटा पॅनेल पुरविणे व बसविणे, पूर्ण, प्रति चौरस मीटर.

त्या 'पूर्ण' या शब्दात काय काय येते, ते मी या पत्रात मांडू इच्छितो.

रेनस्क्रीन या नावामुळे असा समज होतो की बाहेरचे पॅनेल पाऊस पूर्णपणे अडवते. तसे ते करीत नाही आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही नसते. माझ्या आजोळी मृगाच्या तोंडावर पश्चिमेच्या मातीच्या भिंतीसमोर हातभर अंतर सोडून तुराट्यांचा कूड उभा करीत असत. पावसाची झड त्या कुडावर आदळायची, थोडे पाणी आत यायचे, पण तुराट्यांवरून ओघळून खाली जायचे. भिंतीपर्यंत जे शिंतोडे पोहोचत ते मधल्या वाऱ्याने दुपारपर्यंत वाळून जात. त्या कुडाला कोणी शेणामातीने लिंपून टाकले असते तर आजोबांनी त्याला वेड्यात काढले असते. टेराकोटाचा पडदा हेच काम करतो. बाहेर उघड्या सांध्यांची पॅनेलांची ओळ, मागे वारा खेळेल अशी पोकळी, त्या पोकळीतून पाणी निघून जाण्यासाठी खाली आणि हवा निघून जाण्यासाठी वर मोकळी जागा, आणि या सर्वांच्या मागे स्वतः जलरोधक असलेली भिंत. पाणी शेवटी अडवायचे असते ते या मागच्या भिंतीने. पुढचा पडदा तिच्यावरचा मारा कमी करतो, इतकेच.

यावर एक स्वाभाविक प्रश्न येईल. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात पावसाच्या पडद्याची चर्चा कशासाठी? प्रश्न थट्टेचा वाटला तरी योग्य आहे. आपल्याकडे वर्षभराचा पाऊस कोकणाच्या मानाने अगदी थोडा, पण जो पडतो त्यातला बराचसा मोजक्या जोरदार सरींमध्ये आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर पडतो. खरे सांगायचे तर मराठवाड्यात या पद्धतीचा मोठा उपयोग उन्हाविरुद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापत राहते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहते. पडद्याने सावली धरली आणि मागची गरम हवा धुराड्यातल्यासारखी वर निघून गेली, तर भिंत मुळात कमी तापते. म्हणजे ज्या दोन फटी त्या कार्यालयात बुजवल्या गेल्या, त्यांनी पाण्याची वाट अडवली आणि हवेचीही. एवढा खर्च करून मिळवलेले दोन्ही लाभ सिलिकॉनच्या काही नळ्यांनी आणि घमेलाभर मसाल्याने घालवले.

म्हणूनच मसुदा लिहिताना सुरुवात पॅनेलापासून करू नये, मागच्या भिंतीपासून करावी. विटांची किंवा ब्लॉकांची भिंत असेल तर तिला बाहेरून संपूर्ण गिलावा, त्यावर जलरोधक लेप, आणि हे काम पॅनेल चढण्यापूर्वी छायाचित्रांसह मोजमाप पुस्तिकेत नोंदले गेल्याशिवाय पुढच्या कामाचे देयक नाही, असे स्पष्ट लिहावे. खिडक्यांविषयी तर एक वेगळे रेखाचित्रच हवे. माझ्या अनुभवात अशा भिंतींमध्ये पाणी शिरते ते सपाट भागातून क्वचितच, बहुधा ते चौकटीच्या कडेने, उंबऱ्याखालून आणि ज्या कोपऱ्यात दोन ठेकेदारांची हद्द मिळते तिथून शिरते. खिडकीवाला म्हणतो चौकटीभोवतीची पाणी अडवणारी पट्टी क्लॅडिंगवाल्याने द्यायची, क्लॅडिंगवाला म्हणतो ती खिडकीच्या दरात आहे, आणि पट्टी कोणीच देत नाही. चौकट बसल्यावर, पण पॅनेल बसण्यापूर्वी, प्रत्येक मजल्यावरील एका तरी खिडकीवर नळीने पाणी मारून आतून पाहावे. टंचाईच्या दिवसांत हे टँकरचे पाणी डोळ्यांवर येते हे मान्य, पण भिजलेली दप्तरे उन्हात वाळवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पोकळीची खोली आकड्यात लिहावी. सांगाड्याच्या आणि उष्णतारोधक थराच्या पुढे किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा सर्वत्र राहिली पाहिजे. आपल्याकडील भिंती ओळंब्यात किती असतात हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे, त्यामुळे कागदावर ४० ते ५० मिलिमीटर धरले तर जागेवर निदान तेवढे उरेल. वरच्या आणि खालच्या फटींना बारीक छिद्रांची ॲल्युमिनियमची पट्टी लावावी. उंदरांची त्या साहेबांना वाटलेली भीती खोटी नव्हती, त्यांनी निवडलेला उपाय चुकीचा होता. उंदरांखेरीज आपल्याकडे सातेरी मधमाश्या आहेत, ज्यांना अंधारी पोकळी पोळ्यासाठी फार आवडते. आग्या मोहोळ निदान बाहेरून दिसते तरी, सातेरीचे पोळे पॅनेलामागे असल्याचे कळते ते दुरुस्तीला गेलेल्या माणसाला.

आता सांगाडा. टेराकोटाचे पोकळ पॅनेल जाडी व घडणीनुसार चौरस मीटरला साधारण ३० ते ६० किलो भरतात. मधला ४० किलोचा आकडा धरला तरी वीस मीटर लांब व दहा मीटर उंच भिंतीवर आठ टन माती टांगलेली असते आणि ती भिंतीत रोवलेली ब्रॅकेट, त्यांवरच्या उभ्या रेल आणि पॅनेल धरणाऱ्या क्लिप यांच्या भरवशावर असते. त्याहून दुर्लक्षित राहतो तो वारा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या वाऱ्याविषयीच्या तिसऱ्या भागात औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलेला आहे. उंची, परिसर आणि इमारतीचा आकार यांचे गुणक लावण्यापूर्वीच त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, ढोबळमानाने ९३ किलो होतो. १२०० बाय ३०० मिलिमीटरच्या एका पॅनेलवर हे तेहतीस किलो झाले, आणि ते पॅनेल स्वतः चौदा किलोच्या आसपास असते. वारा पॅनेलला नुसता ढकलत नाही, इमारतीच्या कोपऱ्यांजवळ तो त्याला बाहेर ओढतो, आणि ही ओढ तेथे इतर भिंतीपेक्षा जास्त असते. म्हणून कोपऱ्यातील ब्रॅकेटांचे अंतर वेगळे मोजावे लागते. मी पाहिलेल्या मसुद्यांत ते सर्वत्र सारखेच धरलेले होते.

ब्रॅकेट कशात रोवले आहे हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. वजन पेलणारे ब्रॅकेट शक्यतो काँक्रीटच्या तुळईत किंवा स्लॅबच्या कडेलाच बसवावे. हलक्या ब्लॉकमध्ये अँकर, म्हणजे ब्रॅकेट धरणारा रोवलेला बोल्ट, मारायचाच असेल तर तो त्या ब्लॉकसाठी बनवलेला असावा, आणि प्रत्यक्ष जागेवर ओढून पाहण्याची चाचणी ठेकेदाराच्या खर्चाने व्हावी. वर सांगितलेल्या कार्यालयात एक अँकर माझ्या हाताने हलला, पान्याची गरज लागली नाही.

या मुद्द्यावर मी जरा जास्त हळवा आहे, त्याचे कारण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कनिष्ठ अभियंता होतो आणि पुढचे कित्येक महिने औसा तालुक्यात पडक्या घरांची मोजणी करीत होतो. जवळपास १०,००० माणसे गेली. ती माळवदाच्या मातीखाली आणि दगडी भिंतींखाली गेली. त्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या होत्या, पण खरे तर त्या एक भिंत नव्हत्याच. बाहेरचा दगडांचा पडदा वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि कपऱ्या, आणि दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच दोन्ही पडदे एकमेकांपासून सुटले. टेराकोटाची भिंतही दोन पडद्यांची आहे, आणि तिचा आरपार दगड म्हणजे हे ब्रॅकेट व क्लिप. २००२ मध्ये आयएस १८९३ हे भूकंपविषयक मानक सुधारताना किल्लारीचा परिसर तिसऱ्या भूकंप झोनमध्ये घेतला गेला. तेव्हा मजले हादऱ्यात एकमेकांच्या तुलनेत किती सरकतील तेवढी हालचाल सांध्यांनी सामावून घेतली पाहिजे, आणि प्रत्येक पॅनेल शेजाऱ्याच्या आधाराशिवाय स्वतंत्रपणे धरलेले असले पाहिजे, ही अट लातूर-धाराशिवच्या निविदेत ठळक अक्षरांत हवी. एकही पॅनेल केवळ चिकटवून बसवू नये.

ॲल्युमिनियमची आणखी एक खोड आहे. तीन मीटर लांबीची रेल थंडीतील पहाटेपासून वैशाखातील दुपारपर्यंत पन्नास अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते, तर भाजलेल्या मातीचे प्रसरण त्याच्या पावपट. म्हणून प्रत्येक रेल एका ठिकाणी पक्की आणि बाकी ठिकाणी लांबट छिद्रांत सरकती ठेवावी लागते. मिस्त्री सवयीने सगळेच बोल्ट करकचून आवळतो, आणि मग उन्हाळ्यात पॅनेलांचे कोपरे तडकू लागतात. ॲल्युमिनियम आणि साधे लोखंड थेट एकमेकांना लागू देऊ नये, स्क्रू स्टेनलेसचे असावेत, हे सर्वांना माहीत असते. पण निविदेत लिहिलेले नसेल तर जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जे मिळेल ते येते.

आगीबद्दल बोलणे आवश्यक आहे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. त्या इमारतीलाही रेनस्क्रीनच होते, मात्र पॅनेल पॉलिथिलीनचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियमचे, म्हणजे आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांपासून दवाखान्यांपर्यंत सर्रास दिसणाऱ्या एसीपीच्या (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) जातकुळीतले होते, आणि मागचा उष्णतारोधक थरही जळणारा होता. टेराकोटा जळत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. पण ज्या धुराड्यामुळे गरम हवा वर जाते त्यातूनच आगही वर जाते, त्यामुळे नुसते पॅनेल न जळणारे असून भागत नाही. मागे थर्माकोल घातला तर सारे व्यर्थ. तेथे न जळणारी खनिज लोकर असावी, आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर अशी पट्टी असावी जी एरवी हवा जाऊ देते पण उष्णता लागताच फुगून पोकळी बंद करते. ही पट्टी महाग असते आणि पूर्ण झालेल्या भिंतीत ती कोणाला दिसत नाही. निविदेतून पहिल्यांदा काय गळत असेल, हे मी वेगळे सांगायला नको.

पॅनेलाच्या दर्जाबाबत 'किंवा समतुल्य' या शब्दांनी फार घोळ केला आहे. समतुल्य कशात, हे लिहिलेले नसल्याने एका ठिकाणी टेराकोटाच्या रंगाचे एसीपी समतुल्य ठरलेले मी पाहिले आहे. पाणी शोषण, वाकवून मोडण्याची ताकद, जाडी, सरळपणातील फरक आणि न जळण्याचा दाखला एवढे तरी आकड्यांत व चाचणीच्या नावासह असावे. एका मसुद्यात विटांचा निकष तसाच उचलला होता. आयएस १०७७ प्रमाणे साध्या वर्गांच्या विटेला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आहे; उंच तापमानाला भाजलेल्या, दाबून काढलेल्या पॅनेलाकडून त्याहून कितीतरी कमी शोषणाची अपेक्षा धरायला हवी. रंगासाठी एक नमुना मंजूर करू नये. भाजलेल्या मातीत छटा येणारच, म्हणून सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद अशा दोन छटा मंजूर कराव्यात आणि वेगवेगळ्या पेट्यांतील पॅनेल मिसळून लावायला सांगावे.

येथे एका भावनिक युक्तिवादाचाही विचार करतो, कारण तो बैठकांमध्ये हमखास निघतो. तेर आणि पैठण येथे सातवाहन काळातील भाजलेल्या मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या आहेत, तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे, तेव्हा टेराकोटा हा आपलाच वारसा आहे, असे म्हटले जाते. वारशाचा अभिमान मलाही आहे. परंतु टांगलेल्या टेराकोटा पॅनेलांची आजची पद्धत १९८० च्या दशकात जर्मनीत वास्तुविशारद थॉमस हेर्झोग यांच्या प्रयत्नांतून आकाराला आली आणि पुढे रेंझो पियानो यांनी पॅरिस, बर्लिन येथील इमारतींमध्ये ती वापरली. आपल्या काळ्या मातीतून आणि वीटभट्टीतून हे पॅनेल निघत नाहीत, दुरून आणावे लागतात. म्हणूनच मूळ पुरवठ्याबरोबर प्रत्येक आकाराचे काही जादा पॅनेल विकत घेऊन ठेवावेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आपण विसरलेलो नाही, आणि माती ठिसूळ असते. तळमजल्यावर तर माणसाच्या उंचीपर्यंत हे पॅनेल लावूच नयेत. तेथे मोटारसायकली टेकवल्या जातात, पोरे क्रिकेट खेळतात. तिथे आपला घडीव काळा दगड उत्तम, आणि तो खरोखरच इथला आहे.

इमारतीच्या चारही बाजूंना हे क्लॅडिंग लावण्याचा हट्ट मला समजत नाही. पश्चिमेला आणि दक्षिणेला ते ऊन-पाऊस झेलून पैसे वसूल करते, उत्तरेला ते केवळ शोभा आहे. निधी अपुरा असेल तर अर्धवट सांगाड्यावर पूर्ण दर्शनी भाग झाकण्यापेक्षा चांगला गिलावा आणि खिडक्यांवर रुंद छज्जे द्यावेत. संपूर्ण काम सुरू करण्यापूर्वी एक खिडकी, एक कोपरा आणि तळाची फट येईल असा भिंतीचा नमुना तुकडा जागेवर उभारून त्यावर पाणी मारून पाहावे. मात्र ही चाचणी घेताना बाहेरच्या पडद्याआड पाणी गेले म्हणून काम नापास करू नये. आतली भिंत कोरडी राहिली का आणि गेलेले पाणी तळाशी बाहेर आले का, हेच पाहायचे असते. बांधकाम संपल्यावर सिमेंटचे डाग काढण्यासाठी ॲसिड वापरण्यास लेखी मनाई करावी. ते मातीवरून ओघळते आणि मागचे ॲल्युमिनियम खाते.

त्या कार्यालयाचे पुढे काय झाले ते सांगतो. गिलावा नसलेल्या भागातील पॅनेल उतरवून मागची भिंत दुरुस्त करण्यास अद्याप मंजुरी मिळालेली नाही, त्यामुळे अभिलेख कक्षाची कपाटे सध्या पूर्वेच्या भिंतीला लावली आहेत. परंतु मे महिन्यात आम्ही सांध्यांतील सिलिकॉन कापून काढले, तळाचा मसाला छिन्नीने फोडला आणि तेथे छिद्रांची पट्टी बसवली. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळी तेथील पहारेकऱ्याचा मला घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. "साहेब, दुरुस्ती वाया गेली, भिंतीच्या बुडातून पागोळ्या लागल्यात," असे तो सांगत होता. मी त्याला आतली भिंत हात लावून पाहायला सांगितली. तो परत फोनवर आला आणि म्हणाला, खालच्या दोन खोल्यांची तर कोरडी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपअभियंता,
लातूर